भोंग्यावर किसनतात्या

आबांचा फोन आला तेव्हा मी पुण्याजवळ सूसच्या घरी डाळीला फोडणी देत होते. आबा कधी फोन करत नाहीत. फोन हा समोरच्याने करायचा असतो अशी त्यांची ठाम समजूत आहे. "ताई, आपला किसन गेला," ते म्हणाले. मी गॅस बंद केला. माझा विश्वास बसला नाही हे बहुधा त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण लगेच ते म्हणाले, "ह्या खेपेला खरंच."

वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल, याची मला कल्पना आहे. मला स्वतःला त्या क्षणी रडू आणि हसू दोन्ही एकदम आलं आणि हातातला चमचा खाली पडला. किसनतात्या म्हणजे मुळशीतल्या माले गावचे साउंड सर्व्हिसवाले, काही काळ माझे घरमालक. आबा त्यांचे थोरले भाऊ. तात्या याआधी एकदा गेले होते. निदान गावभर भोंग्यावरून तशी सूचना झाली होती आणि ती त्यांनी स्वतःच केली होती. त्या गोंधळात माझाही हात होता. हात कसला, आवाजाचं बटण मीच फिरवलं होतं.

मी मूळची लातूरकडची. नवरा आणि मी दोघंही नोकरीला हिंजवडीत, राहायला सूसला. घरून काम करायचे दिवस आले तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावर फरशा फोडायचं काम निघालं, आणि मीटिंगमध्ये लोक मला विचारायला लागले की तू कारखान्यातून बोलतेयस का. म्हणून मी आठवड्यातले तीन दिवस मालेला जाऊन राहायचं ठरवलं आणि तात्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली. शांतता मिळेल या आशेने मी नेमकी साउंड सर्व्हिसवाल्याच्या घरात गेले, यावर माझा नवरा अजूनही हसतो. पण शांतता होती. डीजे आल्यापासून लग्नाची कामं तात्यांकडे येत नव्हती. त्यांचे सगळे माईक एका पत्र्याच्या पेटीत, जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळून ठेवलेले असायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ती पेटी उघडून दाखवली. "हा लग्नाचा. हा कीर्तनाचा. आन् हा पुढाऱ्यांचा," असं म्हणत एकेक बाहेर काढला. पुढाऱ्यांच्या माईकच्या जाळीला चांगलेच पोचे आलेले होते. मी विचारलं तर म्हणाले, "बोलायच्या आधी टकाटका ठोकतेत ना. कीर्तनकार कधी ठोकत न्हाई."

व्यवसाय गेला तरी एक काम मात्र त्यांच्याकडेच राहिलं होतं. त्यांच्या घरातल्या मशीनपासून, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरपासून, एक वायर खांबाखांबावरून थेट देवळाच्या पत्र्यावरच्या भोंग्यापर्यंत गेली होती. गावाला काही सांगायचं असेल तर तात्या सांगायचे. आज पाणी येणार नाही, उद्या शाळेत लसीकरण आहे, अमक्याची म्हैस सुटली आहे. आणि कुणी गेलं असेल तर तेही. एरवी "न्हाई", "व्हय", "लई झालं" असं बोलणारा हा माणूस माईकपुढे बसला की एकदम तहसीलदार व्हायचा. "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की..." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाहेर येऊन बघितलं, की हे दुसरं कोण बोलतंय!

तात्यांच्या हृदयाला दोन स्प्रिंगा बसवल्या होत्या. त्यानंतर काही महिन्यांनी, अगदी दुधाचा रतीब बदलावा इतक्या सहजपणे, त्यांनी माझ्याकडे विषय काढला. "ताई, मी गेल्यावर माझी सूचना कोण करणार?" मी म्हटलं, करेल कुणीतरी पंचायतीतला. त्यावर ते खरंच दुखावले. "तो पोरगा? तो 'निधन' असं म्हनतो की वाटावं रेशन आलंय." त्यांना स्वतःची सूचना स्वतःच्या आवाजात, आधीच, नीट करून ठेवायची होती. मी म्हटलं, त्यात काय, मोबाइलवर आत्ता करू. नाही. चाळीस वर्षं गावाने त्यांना ज्या माईकमधून ऐकलं त्याच माईकमधून ती जायला हवी होती. आमच्या घरी एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. तो मी गाडीत घालून मालेला आणला. एका दुपारचं काम आहे, असं मी त्यांना सांगितलं होतं. त्या एका दुपारचे दोन महिने झाले.

पहिली अडचण पिनेची. माईकची पिन करंगळीएवढी जाड आणि कॉम्प्युटरचं भोक बारीक. पुण्यातून जोडपिन आणली. लावून बघितली तर आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. मला आधी वाटलं माईक गेला. तात्यांनी तो कानाशी धरून हलवला आणि म्हणाले, "गेला न्हाई. म्हातारा झालाय. म्हाताऱ्याला पुढं ढकलायला कुनीतरी लागतंय." तेच खरं होतं. नव्या छोट्या माईकना कॉम्प्युटर स्वतःच थोडी वीज पुरवतो. हे जुने माईक जे काही करतात ते बोलणाऱ्याच्या दमावर करतात, त्यामुळे त्यांच्यातून येणारा आवाज फार थोडा असतो. मी कॉम्प्युटरमध्ये आवाज वाढवला तर तात्यांच्या आवाजापेक्षा खरखर मोठी यायला लागली, जणू शेजारी कुणी भजी तळतंय.

त्यानंतरचे दोन दिवस मला आठवले की अजून लाज वाटते. मी रेकॉर्ड करून ऐकायचे, मला ऐकू यायचं. हेडफोन तात्यांच्या डोक्यावर चढवला की ते मान हलवायचे, "काय न्हाई येत." परत मी ऐकायचे, येतंय. परत ते, न्हाई. मी वायर बदलली, त्यांनी माईक उघडून स्पिरिटने पुसला, मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, जो माझ्या क्षेत्रातला सर्वांत मोठा इलाज आहे. शेवटी चहा घेऊन आलेल्या सुलाकाकूंना, म्हणजे तात्यांच्या बायकोला, आमची दया आली. "अवो ताई, त्यास्नी डाव्या कानानं ऐकूच येत न्हाई," त्या म्हणाल्या. तात्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू त्यांनी गावाचं गुपित शत्रूला सांगितलं होतं. इतकी वर्षं भोंग्याजवळ उभं राहून त्यांचा डावा कान ठार झाला होता आणि साउंडवाला बहिरा आहे हे गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि त्या जुन्या पिनेतून आवाज कॉम्प्युटरच्या एकाच बाजूला, नेमका डावीकडे, भरला जात होता. एक बटण दाबून मी तो दोन्हीकडे केला. तात्यांनी ऐकलं, आणि लहान मुलासारखे हसले.

पण आवाज खणखणीत व्हायला खरा उपाय त्यांनाच सुचला. माईक कॉम्प्युटरला लावायचाच नाही. तो त्याच्या नेहमीच्या मशीनला लावायचा आणि मशीनच्या मागे पूर्वी कॅसेट भरायचं जे भोक होतं, त्यातून कॉम्प्युटरला वायर द्यायची. पहिल्याच प्रयत्नात खोलीत तात्यांचा तहसीलदारी आवाज घुमला. फक्त एक पथ्य होतं. "मशीन कधी रिकामं चालवायचं न्हाई, आतनं जळतं," असं ते म्हणत. म्हणजे मागे भोंगा जोडलेला असायलाच हवा. मग रेकॉर्डिंगच्या वेळी ते देवळाची वायर काढायचे आणि गोठ्यात गोणपाटात गुंडाळून ठेवलेला एक जुना भोंगा जोडायचे. त्या बिचाऱ्याने जे काही ऐकवलं ते म्हशीने ऐकलं.

आता सगळं जमलं होतं आणि तरीही सूचना होत नव्हती. तात्या दमदारपणे सुरुवात करायचे, "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, आपल्या गावचे रहिवासी किसन धोंडिबा यांचे दुःखद निधन झाले आहे. ते..." आणि तिथे थांबायचे. घसा साफ करायचे. पाणी प्यायचे. "परत घ्या." परत तेच. "ते..." मला वाटलं स्वतःच्या मरणाचं बोलताना गलबलून येत असेल. मी म्हटलंही, की तात्या, राहू दे, अजून खूप वेळ आहे. त्यांनी माईक फडक्यात गुंडाळून ठेवला.

खरं कारण मला काकूंनी सांगितलं, चुलीपाशी तांदूळ निवडताना. तात्यांच्या सूचनेचा एक नियम होता, त्यांनीच घालून घेतलेला. मेलेल्या माणसाचं नातं सांगताना घरातलं थोरलं माणूस आधी. मग बाकीचे. भले मुलगा कितीही मोठा साहेब असो, आधी थोरल्या भावाचं नाव. चाळीस वर्षांत त्यांनी तो मोडला नव्हता. आणि स्वतःच्या थोरल्या भावाशी ते नऊ वर्षं बोलत नव्हते. आबांनी रस्त्याकडेची आपल्या वाट्याची जमीन बंगलेवाल्यांना विकली, त्यांनी भिंत घातली, आणि तात्यांच्या भातखाचराकडे जायची वाट त्या भिंतीत गेली. आता खाचरात जायला अर्ध्या गावाला वळसा पडायचा. आबा पलीकडे शेतावरच्या घरात राहायचे, दहा मिनिटांवर. दोघं समोरासमोर आले तर एकजण चप्पल झटकायला थांबायचा. "नाव घ्यावं तर जीव हुईना, न घ्यावं तर नेम मोडतोय," काकू म्हणाल्या. "त्या एका शब्दापाशी आडतंय बघा त्यांचं."

तेव्हा मला समजलं, की आम्ही दोन महिने पिना आणि वायरी बदलत होतो ते उगाच होतं. अडचण तिसरीच होती. आणि खरं सांगते, मला ती सोडवावीशी वाटली, पण मी कोण, भाडेकरू. मी आपली रोज काम संपलं की कॉम्प्युटर लावून बसायचे.

तो दिवस भातझोडणीच्या दिवसांतला होता. सकाळी तात्यांनी लसीकरणाची सूचना केली होती. चारच्या सुमारास आम्ही बसलो. आवाज घुमू नये म्हणून खिडक्यांना गोधड्या लावल्या, दार लोटलं, दोघांनी कानावर हेडफोन चढवले. आवाज जरा कमी वाटला म्हणून मी मशीनचं बटण चांगलं अर्ध्याच्या पुढे फिरवलं. तात्या म्हणाले, "घ्या." आणि सुरुवात केली. दुःखद निधन झाले आहे. ते... मी डोळे मिटले. "ते ज्ञानोबा धोंडिबा यांचे धाकटे बंधू होत," तात्या म्हणाले. आवाज जरासुद्धा हलला नाही. मग काकूंचं नाव, मुलाचं, सुनेचं. "अंत्यविधीची वेळ मागाहून कळविण्यात येईल." त्यांनी हेडफोन गळ्यात उतरवला, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "जमलं."

आम्ही बसून राहिलो होतो. पाच-सहा मिनिटं गेली असतील. बाहेर अंगणात बायकांचा हुंदक्यांचा आवाज आला, आणि त्यावर काकूंचा त्रासलेला आवाज, "अगं आत बसल्यात ते, मघाधरनं बडबड चाललीय!" तेवढ्यात दार धाडकन भिंतीवर आपटलं. आबा होते. मी त्यांना तोवर लांबूनच पाहिलेलं. पायात काही नाही, केसांत आणि बंडीवर भाताचं काड, छाती वरखाली होतेय. त्यांनी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी त्यांच्याकडे.

"मेलास ना रं तू?" आबा ओरडले.

"न्हाई अजून," तात्या म्हणाले.

"मंग भोंग्यावर काय बोंबलतोय!"

तात्यांनी सावकाश मान वळवून मशीनच्या मागे बघितलं. सकाळच्या लसीकरणानंतर देवळाची वायर काढायची राहिली होती. गोठ्यातला भोंगा आज गप्प होता आणि देवळावरचा, मी फिरवलेल्या बटणामुळे, नेहमीपेक्षा जास्त जोरात बोलला होता. पुढे गावात सगळे हेच म्हणत, की आवाज किसनचा आहे हे ऐकताना कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मयताची सूचना त्याच आवाजात येते, त्यात नवल काय! एकाने दुकानाचं शटर ओढलं होतं, दोघं बांबू तोडायला गेले होते. आणि आबा झोडणी टाकून अनवाणी पळत आले होते, शेजारच्या बायका सोडल्या तर सगळ्यांच्या आधी. तात्यांनी काही बोलायच्या आत आबा मटकन खुर्चीत बसले आणि पंच्यात तोंड घालून रडायला लागले. तात्या उठले, आणि नुसते त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "आरं रडतोस कशाला, हाय ना हितं." पण त्यांच्याही डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

दुरुस्तीची सूचनाही त्यांनाच करावी लागली. "मघाशी करण्यात आलेली सूचना चुकीची असून किसन धोंडिबा हयात आहेत, याची सर्व ग्रामस्थांनी नोंद घ्यावी." हे ऐकून आबा रडता रडता खो खो हसायला लागले आणि तेही भोंग्यावरून गावभर गेलं. मग तात्यांनी देवळाची वायर काढून गोठ्यातल्या भोंग्याची जोडली. मी शरमेने लाल होऊन काकूंना चहाला मदत करायला म्हणून आत पळाले आणि लोक पांगेपर्यंत बाहेर आलेच नाही.

त्यानंतर तात्या जवळजवळ अडीच वर्षं जगले. वाट काही परत मिळाली नाही. भिंत आजही उभी आहे, आणि तात्या शेवटपर्यंत वळसा घालूनच खाचरात गेले, फक्त आता सोबत आबा असायचे आणि दोघंही त्या भिंतीला शिव्या घालत चालायचे. रोज सकाळी आबा चहाला यायचे. मी तोवर सूसला परत गेले होते, पण महिन्यातून एकदा तरी मालेला चक्कर व्हायची, आणि दोन म्हातारे ओट्यावर बसून तिसऱ्याच कुणाला तरी नावं ठेवताहेत हे दृश्य बघून मला फार बरं वाटायचं. मी केलेल्या चुकांमध्ये ही एकच मला कुणी कधी बोलून दाखवली नाही.

तात्या गेले ते सकाळी, चहाचा कप हातात असताना. मी पोचले तेव्हा सूचना झाली होती. तात्यांची ती रेकॉर्ड केलेली सूचना पेनड्राइव्हवर घालून मी दिली होती, ती काकूंनी डब्यातून काढून दिलीही होती. पण आबांनी ती लावू दिली नाही. "ती मी एकदा ऐकलीय," म्हणाले, "परत न्हाई ऐकवायची मला." आणि जन्मात कधी माईकपुढे न बसलेला तो माणूस माईकपुढे बसला. कळविण्यात येते वगैरे त्यांना येत नव्हतं. ते म्हणाले, "किसन गेला. माझा भाऊ. या समदी." एवढंच. गाव आलं.

मागच्या रविवारी मी मालेला गेले होते. कॉम्प्युटर परत न्यायचा का, असं काकूंनी विचारलं म्हणून. खोलीत माईक अजून मशीनला लावलेला, मशीन कॉम्प्युटरला. आबाही येऊन बसले होते, रोजच्या वेळेला. तात्यांच्या वस्तू आवरताना मी त्या दिवशीची ती मूळ फाइल उघडली. पेनड्राइव्हसाठी मी तिच्यातला फक्त सूचनेचा तुकडा काढून घेतला होता, बाकी कधी ऐकलं नव्हतं. त्या गडबडीत रेकॉर्डिंग थांबवायचं मी विसरले होते. फाइल तासाभराची होती.

आबांना विचारलं, ऐकायचंय का. ते म्हणाले, "सूचना नको." मी ती ओलांडून पुढून लावलं. दार आपटलं. ओरडणं झालं, रडणं, हसणं झालं. लोकांचे आवाज आले आणि गेले. मग बराच वेळ नुसती खुर्ची करकरत होती... आणि मग तात्यांचा आवाज आला, माईकपासून लांब, आपला रोजचा.

"बिडी?"

"सोडली."

"कधी?"

"चार वर्सं झाली."

"मला ठावं न्हाई."

"तुला कोन सांगनार?"

मग भाताचं बोलणं, यंदा कुठल्या खाचराला किती आलं, कुणाची म्हैस व्याली. दोघंही जपून बोलत होते, निसरड्यावरून चालल्यासारखे. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. आबा कॉम्प्युटरच्या अगदी जवळ सरकले होते, पुढे वाकून, हात गुडघ्यांवर. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी उठलं होतं. तात्या म्हणाले, "उद्या येतोस का चहाला?"

"येतो की," आबा म्हणाले, इथे, माझ्याशेजारी बसलेले, चटकन. आणि मग क्षणभराने कॉम्प्युटरमधून त्यांचाच आवाज तेच म्हणाला.